खडूची रेघ

सोमवार, ४

चेन बदलली. माझ्या हातांनी, कुणाची मदत न घेता. हे आधी लिहून ठेवतो, कारण यापुढचं सगळं एवढं अभिमानाचं नाही.

हिची सायकल हिच्या अपघातापासून जिन्याखाली धूळ खात उभी होती. पाण्याच्या टाकीच्या चढावर ही पेडलवर उभी राहून जोर लावत होती, तेवढ्यात जुनी चेन दातांवरून सटकली आणि ही रस्त्यावर. गळ्याजवळचं हाड मोडलं. परवा डॉक्टरांनी हात वर करायला लावला, खाली करायला लावला आणि म्हणाले, "सिस्टर, आता चालवा सायकल." ही नर्स आहे. घरोघरी जाऊन मलमपट्टी करते, इंजेक्शनं देते. टाकीच्या वरची सगळी घरं हिची. सध्या ती दुसऱ्या एका मुलीकडे दिलीत. महिनाअखेरीला हिने दवाखान्याला सांगायचंय, की वरची घरं परत घेणार की दवाखान्यात टेबलाशी बसून केसपेपर काढणार. टेबल म्हणजे हिला शिक्षाच. बसून काम करणाऱ्या माणसाला ही माणूस समजत नाही. मी शिंपी असल्यामुळे हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

तर चेन. जुनी काढून फरशीवर पसरली, नवी शेजारी ठेवली आणि जुनीच्या मापाने नवी तोडली. जुन्या सदऱ्यावरून नवा बेततात तसंच. मग ओवायला घेतली. मागच्या चाकाशी एक हात लोंबतो, दोन छोट्या चाकांचा. त्यातून चेन वळवून घ्यायची असते. मशीनमध्ये दोरा घेतो तशी घेतली, वाटेतला एकही आकडा न चुकवता. ही चहाचा कप घेऊन बघत उभी होती. म्हणाली, "अहो, बॉबिन कुठे बसवणार?"

मी लक्ष दिलं नाही. चाक फिरवलं तर कर्र कर्र आवाज. गिअर बदलला तर चेन आधी ढिम्म, आणि मग एकदम दोन चकत्या ओलांडून उडी. चढाला लागतो तो सगळ्यांत हलका गिअर तर येईचना.

उद्या बघू.

मंगळवार, ५

त्या लोंबत्या हाताला दोन बारीक स्क्रू आहेत. मशीनचा टाका बिघडला की आम्ही टेन्शनचा स्क्रू फिरवतो, म्हणून दोन्ही फिरवले. आधी एक दुखणं होतं, आता तीन झाली. चेन आत उतरून चाकाच्या तारांत अडकली, ती काढता काढता माझं बोट सोललं. हिने तीन सेकंदांत पट्टी बांधली आणि तेवढ्यात माझी अक्कलही काढली.

पण नंतर म्हणाली, "राहू द्या हो. घाई काय आहे?"

हिच्या तोंडून 'घाई काय आहे' मी आज पहिल्यांदा ऐकलं. दूध तापेपर्यंतही एका जागी न थांबणारी बाई. दुखण्याने माणूस शांत होतो म्हणतात, ते खरं असावं.

गुरुवार, ७

शेवटी नाक मुठीत धरून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने सायकल उलटी केली, एकदा पेडल फिरवलं आणि असा हसला की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"मास्तर, चेन लावलीत की काजं केलीत?"

त्या हातात दोन चाकांच्या मधे एक बारीक पट्टी असते. चेन तिच्या आतून जायला हवी. मी ती दोरा अडकवायचा आकडा समजलो आणि चेन वरून घेतली. म्हणून ती सारखी घासत होती. शिवाय नवी चेन लांब झाली होती, कारण जुनी झिजून लांबली होती आणि मी तिच्या मापाने बेतली. माझी मलाच लाज वाटली. जुन्या सदऱ्याची सैल पडलेली कॉलर मी जन्मात कधी नव्या सदऱ्याला घेतली नाही. पण लोखंडही सैल पडतं हे डोक्यातच आलं नाही.

मागच्या दातेरी चकत्याही त्याने बदलायला लावल्या. इतकी वर्षं त्या जुन्या चेनबरोबर झिजल्या, झिजून तिच्यासारख्याच झाल्या. आता नवी चेन त्यांच्यात बसणार नाही, जोर लावला की उडणार. "मास्तर, या दोघांना बदलायचं तर बरोबर बदलायचं, नाहीतर दोघांना तसंच राहू द्यायचं," तो म्हणाला. घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आपलं राहू दे तसंच."

केबलही नवी घातली. नवी केबल सुरुवातीला थोडी सैलावते म्हणे, म्हणून त्याने एक नट दाखवून ठेवला. केबल त्या हाताला मिळते तिथे तो खरबरीत गोल नट असतो. एका बाजूला फिरवला की केबल ताणते आणि चेन मोठ्या चकतीवर चढते, म्हणजे हलका गिअर येतो. उलटा फिरवला की केबल सैल, आणि हलका गिअर गायब. हे सगळं मी हिला जिन्याखाली वाकून दाखवलं. हिने दोनदा विचारून घेतलं, "म्हणजे या बाजूला फिरवला की येत नाही?" मला फार बरं वाटलं. एवढ्या संसारात हिने माझ्या कुठल्या हत्याराची चौकशी केली नव्हती.

शुक्रवार, ८

संध्याकाळी मी स्वतः गल्लीला दोन चकरा मारल्या. गिअर असे पडतात की आवाजसुद्धा नाही. सायकलवाला बोलायला फटकळ आहे, पण हात सोन्याचा.

ही उद्या सकाळी टाकीच्या वर जाऊन येणार. नुसती सवय म्हणून. पिशवी भरून ठेवली. मग काढली आणि पुन्हा भरली.

शनिवार, ९

घोडं पुन्हा पेंड खायला लागलं. ही गेली आणि थोड्याच वेळात सायकल हातात धरून परत. "हलका गिअर येत नाही हो."

बघितलं, तर खरंच येत नव्हता. काल येत होता. आज नाही. केबल सैलावली असणार. नट फिरवून नीट केला आणि हिला म्हटलं, जा आता. म्हणाली, "आता ऊन झालं."

मंगळवार, १२

हे काय चाललंय मला कळत नाही. रोज संध्याकाळी मी गिअर लावतो, फिरवून बघतो, उत्तम चालतो. सकाळी ही सायकल बाहेर काढते आणि हलका गिअर गायब. काल सायकलवाल्याकडे नेली तर तिथे शहाण्यासारखी वागली. तो म्हणतो, "मास्तर, माझ्याकडे गुणी असते, तुमच्या घरी गेली की बिघडते. तुमच्या घरातच काहीतरी आहे." मी म्हटलं, असेल, जिन्याखाली ओल आहे.

ओलीचा संशय होता, म्हणून काल सायकल बाहेरच्या खोलीत कपाटाशेजारी ठेवली. तरी तेच. मग वाटलं मांजर. पण मांजर नट फिरवत नाही.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते हिचं. एवढी तयार होऊन बसते, पिशवी भरून, केस बांधून, आणि माझ्या हातून एक नट धड बसत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी रोज केबलला नावं ठेवतो. एरवी हिने मला फाडून खाल्लं असतं. पण चिडत नाही. आज तर पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तुमचा काही दोष नाही हो यात." बोटांना लिंबाचा वास येत होता. मोरीत लिंबाच्या साली पडल्या होत्या. लोणचं घालायचा विचार आहे का, म्हणून विचारलं, तर नुसतं हो म्हणाली.

गुरुवार, १४

टाकीच्या वर घड्याळवाले आजोबा राहतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता पायाच्या जखमेने घरी बसलेत. हिचे सगळ्यांत जुने पेशंट. त्यांची पॅंट खालून सैल करायला आली होती, पट्टीवरून चढावी म्हणून. ती द्यायला आज चालत वर गेलो. चढ कसला आहे तो. मला वाटेत दोनदा थांबावं लागलं.

आजोबा म्हणाले, "ती नवी मुलगी पट्टी चांगली बांधते. पण गप्प बांधते. सिस्टर भांडत बांधतात, त्यात दुखतं कधी ते कळत नाही."

मी म्हटलं, लवकरच येईल ती, एवढा गिअर लागला की झालं.

"सायकल बिघडलीय होय? मला वाटलं चालतेय. मंगळवारी सकाळी त्या खाली वळणावर उभ्या होत्या, सायकल धरून. मी खिडकीतून हात केला. पण त्या बघत होत्या रस्त्याकडे. त्या पडल्या ना, तिथेच. बराच वेळ उभ्या होत्या. मग वळून गेल्या."

बिचारी. म्हणजे गिअर बरोबर त्या वळणाशीच दगा देतो. माशी तिथेच शिंकतेय. आजोबांनी निघताना विचारलं, "महिनाअखेर झाली की त्या टेबलावर बसणार असं ऐकलं, खरं का?" मी म्हटलं, छे छे. मी असताना?

शुक्रवार, १५

दुकानात एका कोटाला बाह्या जोडताना सुचलं. आम्ही काय करतो? बाही आणि खांदा दोन्हींवर खडूने एकच आडवी रेघ मारतो. शिवताना रेघेला रेघ मिळाली की बाही बरोबर. सरकली की लगेच कळतं.

संध्याकाळी गिअर लावला आणि त्या नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून निळ्या खडूने एक रेघ मारली. अगदी बारीक, सरळ. आता नट आपोआप फिरतो का, हे सकाळी कळेल. हिला काही सांगितलं नाही. उगाच आशा लावायची आणि मग पुन्हा तोंडघशी पडायचं.

शनिवार, १६

ही अंघोळीला गेल्यावर बघितलं. सायकल रात्री ठेवली तशीच कपाटाला टेकलेली. हललेली नाही. चाकाखाली माझ्या दुकानातला धाग्याचा एक तुकडा पडलेला, तोही तसाच. पण रेघ तुटली होती. अर्धी लोखंडावर, अर्धी नटाबरोबर पार मागे गेलेली. आणि वरचा खडू पुसटलेला, बोटांनी धरल्यासारखा.

स्वयंपाकघरात आलो. माझा चहा ठेवलेला होता. पांढऱ्या कपाच्या कानाला निळा डाग.

मी तो चहा प्यायलो. सगळा. मग दुकानात जाऊन बसलो आणि दुपारपर्यंत एकही टाका घातला नाही.

आधी राग आला. आठवडाभर मी मांजराला, ओलीला, केबलला, स्वतःला शिव्या दिल्या आणि ही वंगणाची बोटं लिंबाने धुऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मग कितीतरी वेळाने राग उतरला आणि मला रडायला आलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हे बरं झालं. ही घाबरली आहे. गावातल्या आडदांड माणसांना सुई टोचणारी, रात्री-बेरात्री एकटी जाणारी, कुणाचं रक्त बघून डोळ्याची पापणी न हलवणारी ही घाबरली आहे आणि ते हिला सांगता येत नाही. एवढी साधी गोष्ट समजायला मला दातेरी चकत्या, केबल आणि खडू लागला.

आणि आता खरं लिहायचं तर तेही लिहितो. रोज सकाळी "गिअर येत नाही हो" ऐकलं की माझाही जीव भांड्यात पडायचा.

नट फिरवला नाही. तसाच ठेवला.

संध्याकाळी जेवताना म्हटलं, "अगं, हा गिअर अजून काही दिवस घेईल असं दिसतंय. तोवर आपण चालत जाऊ या का वर? पिशवी सायकलवर ठेवू, सायकल मी ढकलतो. आजोबांना भेटून येऊ."

ही माझ्याकडे बघत राहिली. मी आमटी ओरपत होतो, त्यामुळे मला काही दिसलं नाही.

"तुम्ही? चढावर? धाप लागते तुम्हाला जिना चढून."

"म्हणूनच नर्स बरोबर नेतोय."

रविवार, १७

वळणापर्यंत गेलो. तिथे हिने सायकलचं हॅंडल धरलं, मी धरलं होतं तिथेच, माझ्या हातावर. आणि थांबली.  थोड्या वेळाने म्हणाली, "आज एवढंच."

"बरं झालं," मी म्हटलं. "मला पुढे जमलंच नसतं."

सोमवार, १८

वळणाच्या पुढे. टाकीपर्यंत नाही.

वाटेत सायकलवाला भेटला. "काय मास्तर, सायकलला फिरवायला नेताय?" मी म्हटलं, हो, दमते बिचारी.

बुधवार, २०

आज ती जागा दाखवली. तसं दाखवण्यासारखं काही नाही. रस्ता आहे, कडेला एक गटाराचं झाकण आहे. "इथे," ही म्हणाली. मग एकदम बोलायलाच लागली. पायाखालचं पेडल कसं रिकामं झालं. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय खाली जावा, तसं. पडल्याचं काही नाही, हाड मोडलं त्याचंही काही नाही, पण ते पायाखालचं रिकामं अजून जात नाही. झोपेतही पाय झटकला जातो.

हिचा पाय रात्री लागतो मला. मला वाटायचं, कूस बदलते.

 मी हिचंच वाक्य हिला ऐकवलं, सुई टोचताना ही प्रत्येकाला म्हणते ते. "काही होत नाही. डोळे मीट."

"ते खोटं असतं," ही म्हणाली. "दुखतंच."

"मग का सांगतेस सगळ्यांना?"

"सांगताना मी हात धरलेला असतो ना. तेवढं खरं असतं."

मग माझा हात धरूनच वर आली, पार टाकीच्या वर. सायकल मी एका हाताने ढकलली आणि ती दोनदा माझ्या नडगीवर आदळली, पण ते असो. आजोबांनी दार उघडलं आणि हिने पहिलं वाक्य म्हटलं, "पाय वर घेऊन बसायला सांगितलं होतं, उभे कशाला राहिलात?" आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जखम बघितली, नाक मुरडलं, नव्या मुलीची पट्टी सोडून स्वतःची बांधली. आजोबा सारखे ओरडत होते, पण हसत होते.

शुक्रवार, २२

येताना उतारावर ही सायकलवर बसली. ब्रेक दाबून, हळूहळू. मी बाजूने पळत होतो, एक हात सीटवर ठेवून. आमच्या मुलीला सायकल शिकवली होती तसा. खाली पोचल्यावर ही म्हणाली, "अहो, हात काढा आता. लोक बघतात."

मी म्हटलं, लोक बघतात म्हणूनच ठेवलाय.

घरी आल्यावर उगाच विचारलं, "गिअर कसा आहे?"

"उतारावर कुठे कळतं?" ही म्हणाली. आणि वर, "तुम्ही कोटाच्या बाहीवर ती रेघ मारता ना, ती नंतर पुसून टाकता का?"

"शिवून झाल्यावर आपोआप जाते," मी म्हटलं. का विचारलं ते मला कळलं नाही.

मंगळवार, २६

सकाळी उठलो तर ही घरात नव्हती. सायकल नव्हती. पिशवी नव्हती. चहा झाकून ठेवलेला.

चपला घातल्या आणि तसाच निघालो. मग गल्लीच्या तोंडाशी थांबलो. गेलो असतो तर हिला वाटलं असतं, मला भरवसा नाही. नाही गेलो तर मला काय वाटत होतं ते मलाच ठाऊक. परत आलो. दुकान उघडलं. एका साध्या पॅंटला मी आज उलटी टीप घातली, ती सगळी उसवावी लागली. रस्त्यावर जरा कुठे आवाज झाला की सुई थांबायची.

ऊन चढल्यावर घंटी वाजली. आमच्याच सायकलची. दारात ही. तोंड लालबुंद, केस सुटलेले, कपाळावर घाम. सायकल भिंतीला टेकवली आणि पहिल्यांदा पाणी प्यायली.  

"येताना दवाखान्यात सांगून आले," ही म्हणाली. "वरची घरं माझी. त्या मुलीला टेबल दिलंय, तिला आवडतं बसायला." आणि आत जाता जाता, "आणि हो, तुमचा गिअर लागला हो एकदाचा."

"केबल नवी होती," मी म्हटलं.  "बसायला वेळ लागतो तिला."

"लागतो," ही आतून म्हणाली.

मग मी सायकलपाशी जाऊन खाली वाकलो. नट बरोबर जागेवर होता. मी मारलेली रेघ कधीच पुसून गेली होती. पण नटावरून लोखंडावर एक नवी रेघ होती, निळ्याच खडूची. माझ्या दुकानातल्या खोक्यातल्या. जाड, दोनदा गिरवलेली. मी जन्मात एवढी वाकडी रेघ मारलेली नाही.